दगडी साहेबाचा कोट

आमच्या साहेबाच्या अंगात यंदा गर्द निळा कोट आहे. मागच्या खेपेला मातकट होता, त्याच्या आधी शेवाळी हिरवा. हल्ली लोक मोटारी घेऊन येतात, नदीकडं पाठ करून फोटो काढतात आणि हटकून विचारतात, दगडाच्या पुतळ्याला कोट काऊन? मी तिथं असले तर सांगते. नसले तर गावातलं कुणीही सांगतं, आणि प्रत्येक जण आपल्या पदरचा मीठमसाला टाकतो. एकानं तर पाहुण्यांना सांगितलं की साहेब स्वप्नात येऊन कापड निवडून जातो. म्हटलं, हे फार झालं. कोट माझ्या हातचा आहे, तर गोष्टही माझ्याच हातची असू दे.

जागा तशी लहान आहे. वडशाहून ब्रह्मपुरीकडं जाताना वैनगंगेचा पूल ओलांडला की धानाच्या बांध्यांमधून एक कच्ची वाट नदीच्या काठाकाठानं जाते. वाटेच्या शेवटी गाव, गावाच्या खाली काळ्या दगडाचा घाट. घाटावर इंग्रजांच्या वेळच्या बंगल्याचं जोतं उरलंय. भिंती लोकांनी केव्हाच नेल्या. गावातल्या अर्ध्या घरांच्या पायऱ्या त्या बंगल्याच्याच आहेत, आणि विचारलं तर कुणी लाजतही नाही. जोत्यापुढं चिंचेखाली उंच चौथरा आहे आणि चौथऱ्यावर साहेब उभा आहे, नदीकडं तोंड करून. सरकारी खात्यानं एक पाटी लावली आहे. स्मारकाला इजा करणं गुन्हा आहे, एवढं तिच्यावर ठळक आहे. स्मारक कुणाचं, ते मात्र नाही. चौथऱ्यावरची इंग्रजी अक्षरं दरसालच्या पुरानं पुसून गेली.

गावात जे चालत आलंय ते एवढंच, की हा साहेब नदीचं मोजमाप करायला आला होता, बंगल्यात उतरला आणि इथंच तापानं गेला. जवळचं कुणी नव्हतं. मग विलायतेहून त्याच्या आईनं पुतळा करून पाठवला. पुतळा आला तो ऐन थंडीत. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे जत्राच. दिवसा बाजार नि रात्रभर नाटक. त्या वर्षीच्या मंडईत गावातल्या एका म्हातारीला राहवलं नाही. नदीवरून असा वारा सुटलाय आणि हा परमुलखातला माणूस उघड्यावर उभा, म्हणून तिनं स्वतःचं घोंगडं त्याच्या खांद्यावर टाकलं. पुढच्या मंडईला घोंगड्याचा कोट झाला. कोट शिवला आमच्या घरानं. तेव्हापासून दर मंडईला नवा कोट, आणि कोट आमच्याच घरचा.

कॉलेजची पोरं कधीमधी येऊन म्हणतात, ही गुलामीची खूण आहे, हिचे कसले लाड करता. उचलली जीभ लावली टाळ्याला. अरे बाबांनो, इंग्रजाचं राज्य गेलं ते बेस झालं, कुणी रडत नाही त्याच्यासाठी. पण दारात मेलेला पाहुणा कुडकुडत ठेवायचा, ही रीत आमच्याकडं नाही. एक पोरगं हुशार निघालं. म्हणालं, बाई, त्याच्या अंगात दगडाचा कोट कोरलेला आहेच की. मी म्हटलं, तू एक रात्र दगडाचा कोट घालून नदीवर झोप, मग सकाळी बोलू.

आता आमच्या घराविषयी सांगते. आम्ही वडशाचे, मुसलमान, धंदा शिंप्याचा. घरात आमची हिंदी, दुकानात मराठी. वडसा म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांचं माहेर. थंडी लागली की कंपन्या गावोगाव निघतात, आणि अब्बांच्या मशीनला श्वास घ्यायला वेळ नसतो. राजाचे अंगरखे, इन्स्पेक्टरची खाकी, खलनायकाचा चकचकीत सदरा, सगळं आमच्याकडून. पैसा त्यात. पण अब्बांचा जीव अडकलेला साहेबाच्या एका कोटात. त्याचे पैसे ते घेत नसत. गावानं बैलबंडी, म्हणजे बैलगाडी, पाठवायची, पुलापाशी उतरून अब्बांनी बंडीत बसायचं, कापडाचं गाठोडं मांडीवर घ्यायचं आणि वाजतगाजत घाटावर जायचं, हा त्यांचा मान. गावात त्यांना मास्तर म्हणत. वडशात टेलर मास्तर गल्लोगल्ली आहेत, पण त्या गावात नुसतं मास्तर म्हटलं की अब्बा. मशिदीत एकदा कुणीतरी टोकलं होतं, की तुम्ही त्या मूर्तीचं काय करता दरसाल? अब्बा शांतपणे म्हणाले होते, की मी पूजत नाही, झाकतो. उघड्याला झाकणं कुठल्या किताबात मना आहे ते दाखवा. पुन्हा कुणी विचारलं नाही.

मी त्यांची एकुलती. भाऊ नाही. लहानपणी काज करायचे, मग कटिंग शिकले, मग हळूहळू निम्मं दुकान माझ्या हातात आलं. बायकांचे ब्लाउज नव्हे हां, पुरुषी कोट. नाटकातल्या वकिलाचा कोट मी असा शिवायची की गावोगावच्या खऱ्या वकिलांनी पत्ता विचारावा. स्वतःचं कौतुक करते असं म्हणाल तर म्हणा. हातच्या काकणाला आरसा कशाला.

साहेबाच्या कोटाला मात्र अब्बांनी मला कधी हात लावू दिला नाही. आणि खरं सांगू का, तो कोट मला मनातून आवडायचा नाही. पाठीत मधोमध उभा चिरलेला असायचा, नाड्यांनी बांधायचा. बाह्यासुद्धा खालून उघड्या, नाड्यांच्या. नाटकात नटाला विंगेत पटकन कपडे बदलता यावेत म्हणून आम्ही असंच शिवतो. मला वाटायचं, अब्बांना ड्रेपरीची, नाटकाच्या कपड्यांची, सवय लागली आहे. एवढा मानाचा कोट, आणि तो नाटकी? समोरून साहेब नि मागून सोंग.

आणि पुतळा उघडा मी पाहिलाच नव्हता. गावाची रीत अशी की पाहुण्याला उघडा पाहायचा नाही. कोट बदलताना चार गडी चौथऱ्याभोवती धोतरांचा पडदा धरतात, आत फक्त मास्तर आणि नदीत डोंगा, म्हणजे होडी, चालवणारा डोंगेवाला. डोंगेवाल्याचं काम जुना कोट उतरवण्याचं, आणि तो जुना कोट त्याचाच. वर्षभर ऊन-पाऊस खाऊन त्याच्या चिंध्याच झालेल्या असतात. त्या तो डांबरात बुडवतो आणि डोंग्याच्या फटी बुजवतो. एरवी बाराही महिने साहेब कोटातच. बाया लांब चिंचेपलीकडं उभ्या. मी लहानपणापासून तिथूनच पाहत आले.

मग एका साली अब्बांच्या डोळ्यांना मोतीबिंदू झाला. ऑपरेशन करायला इतका उशीर लावला की ते नेमकं दिवाळीच्या तोंडावर आलं. डोळ्याला हिरवी पट्टी, डॉक्टरांनी सुईदोऱ्याचं नावसुद्धा काढायचं नाही म्हणून सांगितलं. अब्बांनी गावाला निरोप धाडला, यंदाचा कोट माझी मुलगी शिवेल.

गावचे पाटील स्वतः दुकानात आले. म्हातारे, पण ताठ. अब्बांच्याच वयाचे, दोघांची जुनी मैत्री, पण मैत्री वेगळी नि रीत वेगळी. चहा घेतला, डोळ्याची चौकशी केली आणि मग मुद्द्यावर आले. त्यांचं म्हणणं असं, की मान घराचा असतो नि घर पोराचं असतं. पोरगी आज इथं, उद्या सासरी. आणि बाई पडद्याच्या आत कशी जाईल? त्यापेक्षा यंदापासून ब्रह्मपुरीच्या बाजारातून तयार कोट आणू, चांगला महागाचा. मास्तरांचा शेला-नारळ आम्ही घरपोच आणून देऊ, त्यात काही कमी करणार नाही.

मी मशीनवरच होते. माझ्या अंगाची लाही लाही झाली, पण अब्बांच्या मित्राला उत्तर देणं माझं काम नव्हतं. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पाटीलभाऊ, यंदाचा शिवू द्या. नाई जमला तं पुढच्या साली तुम्ही बाजारातून आना. मी मान सोडतो."

पाटलांनी मान हलवली आणि ते उठले. मान सोडतो म्हणणारा हा माणूस दुकान विकायला निघाला असता पण तो कोट कुणाला दिला नसता, हे मला ठाऊक होतं. आजोबांपासून आलेली ती एकच गोष्ट त्यांनी माझ्या भरवशावर पणाला लावली होती. त्या दिवशी मी मनात म्हटलं, थांबा, असा कोट शिवते की ब्रह्मपुरीच काय, नागपूरच्या शोरूमनं तोंडात बोट घालावं.

अब्बांनी ब्राउन पेपरचा जुना खाका काढून दिला आणि घरी जाऊन पडले. खाक्यात पाठ दोन तुकड्यांत होती. मी ते दोन तुकडे जोडून ठेवले आणि कापड दुमडून पाठ अखंड कापली. बाह्याही अखंड. नाड्यांना फाटा. चांगलं गरम कापड होतं, करड्या रंगाचं. आत सॅटिनचं अस्तर लावलं, कॉलरला कॅनव्हास भरला, समोर पितळी बटणं, हातानं केलेले काज. शिवून झाल्यावर हँगरला लावला तेव्हा मीच त्याच्याकडं बघत बसले. अब्बांना दाखवला नाही. म्हटलं, घाटावरच कळू दे.

काय चूक झाली ते ज्यांना आत्ताच कळलं असेल त्यांनी हसून घ्यावं. आम्ही पिढ्यान् पिढ्या जिवंत माणसांचे कपडे शिवणारी माणसं. कोट म्हटला की आमच्या डोळ्यांसमोर हात मागं करून बाहीत घालणारा माणूस येतो. बाहीच्या जोडाचा मुंढा किती, ढील किती, हात वर केला तर काखेत ओढ बसेल का, याचा विचार मी केला होता. दगडाच्या माणसासाठी काखेत ढील ठेवली होती, बाप्पा! जो हात हलवत नाही त्याचा कोट कसा घालायचा, हे मात्र एकदाही डोक्यात आलं नाही.

मंडईच्या दिवशी बंडी आली. अब्बा डोळ्याला पट्टी बांधून माझ्या शेजारी बसले, गाठोडं त्यांच्या मांडीवर. वाटभर त्यांचा हात गाठोड्याच्या आत होता, कापडावरून फिरत होता. मला वाटलं, माझ्या शिलाईवर खूश आहेत. धानकापणी चाललेली, बांध्यांतून बाया उभ्या राहून आमच्याकडं पाहत होत्या, आणि मी नवरीसारखी ताठ बसले होते.

घाटावर डफडी वाजत होती. बंडी चौथऱ्याला मागून लावली, कारण तिच्यावरच चढून कोट घालतात. गड्यांनी पडदा धरला. मी चढायला लागले तसे पाटील पुढं झाले. बाईमाणसानं साहेबाला उघडा पाहणं बरं दिसत नाही म्हणाले. आता मात्र माझी जीभ सुटली. "पाटीलकाका, तो दगडाचा कोट घालून उभा आहे. उघडा कुठी आहे?" चिंचेखालच्या बाया हसल्या. पाटील हसले नाहीत, पण बाजूला झाले.

डोंगेवाल्यानं जुना कोट सोडवला आणि साहेब मला पहिल्यांदा दिसला. मी समजत होते, कुणी मिशीवाला, पोट सुटलेला मोठा अंमलदार असेल. हा तर पोरगा होता. गालावर धड दाढी नाही, नाकाचा शेंडा उडालेला, कानामागं शेवाळ. माझ्याहूनही लहान. मला एकदम त्याच्या आईची दया आली, जिनं एवढ्या लांबून हे ओझं पाठवलं होतं. इतकी वर्षं आम्ही कुणाला झाकत होतो ते मला त्या क्षणी कळलं, आणि माझे डोळे भरून आले.

मग नजर हातांवर गेली आणि डोळे तिथंच कोरडे झाले. उजव्या हातात काठी. काठीचं टोक चौथऱ्यात रुतलेलं, मूठ काठीत रुतलेली, सगळा एकच दगड. डाव्या हातात नकाशाची गुंडाळी, ती छातीला चिकटलेली. बाही घालायला कुठून टोकच नाही. पुढून घालू म्हटलं तर हात आडवा, मागून घालू म्हटलं तर पाठ शिवलेली. मी कोट हातात धरून उभी. डोंगेवाला भला माणूस, माझ्याकडं पाहिलं, कोटाकडं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "बाई, मास्तर तं मागून बांधे."

बाहेर डफडी तशीच वाजत होती. पडदा धरलेल्या गड्यांचे हात भरून आले असतील, ते एकमेकांना काहीतरी पुटपुटत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता चौथऱ्यावरून नदीत उडी टाकावी. माझं काय जायचं होतं? चार दिवस लोक हसले असते. पण त्या पडद्याबाहेर एक पट्टी बांधलेला म्हातारा माणूस उभा होता, आणि मी खाली उतरले असते तर त्याच्या घराचा मान तिथंच संपणार होता.

तेवढ्यात पडद्याला लागूनच अब्बांचा आवाज आला. आमच्या घरच्या बोलीत, फक्त मला ऐकू येईल एवढा. "कैंची लाई है ना?"

त्यांना बंडीतच कळलं होतं. गाठोड्यात हात घालून ते नाड्या शोधत होते, आणि नाड्या नव्हत्या. पुढं कितीतरी दिवसांनी मी विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलं? म्हणाले, सांगितलं असतं तर तू वाटेत पाठ फाडून नाड्या लावल्या असत्यास आणि तो माझाच कोट झाला असता.

मी कात्रीशिवाय घराबाहेर पडत नाही. पिशवीतून काढली. खालच्या काठाला लावली आणि कॉलरसकट पाठ उभी कापत नेली. गरम कापड, खाली कॅनव्हास, सॅटिन. मग दोन्ही बाह्या, मनगटापासून काखेपर्यंत. बाहेरच्यांना कात्रीचा आवाज ऐकू गेला असणार, कारण डफडी बंद पडली. पाटलांनी काय झालं म्हणून विचारलं. अब्बा म्हणाले, काही नाही, मापाला बसवते आहे.

कोट समोरून चढवला. एक बाही काठीच्या हाताभोवती, दुसरी नकाशाच्या हाताभोवती. बटणं नीट बसली, खांदे असे बसले की मला माझाच अभिमान वाटला. आता मागं नाड्या हव्या होत्या, आणि माझ्याकडं नाड्या नव्हत्या. माझ्याकडं सुई होती आणि दोरा होता.

मी गड्यांना पडदा सोडायला सांगितलं. पाटील नको म्हणाले. मी म्हटलं, साहेब झाकलेला आहे, आता उजेड पाहिजे, वेळ लागेल. पडदा खाली आला आणि अख्खी मंडई माझ्याकडं पाहू लागली. मिठाईवाले, फुगेवाले, रात्रीच्या नाटकातला अर्धा मेकअप झालेला राजा, सगळे. मी बंडीवर उभी राहून साहेबाच्या पाठीला टाके घालायला लागले. साधे टाके नव्हेत, लपता टाका, जो वरून दिसत नाही. असा टाका मेजावर कापड पसरून घालतात. मी उभ्या माणसाच्या अंगावर घालत होते, आणि आत हात सरकवायला जागा नव्हती, थंडगार दगड नखाला लागत होता.

दोरा संपला की नवीन ओवायला वेळ जायचा. ते पाहून चिंचेखालच्या बाया पुढं आल्या. इतकी वर्षं त्या तिथंच उभ्या राहायच्या. आधी एकीनं हात पुढं केला, सुई ओवून दिली. मग तिघी-चौघी चौथऱ्याच्या कडेला बसल्याच, सुया ओवून पदराला टोचून ठेवू लागल्या, मी हात मागं केला की एक सुई हातात. कुणी मला पाणी दिलं. कुणी म्हणालं, दमानं कर वो बाई, साहेब कुठी पळून नाई राह्यला. पाठ झाली, मग बाह्या. बोटाला सुया टोचून रक्त आलं, ते तोंडात घालून पुन्हा शिवत राहिले. ऊन चिंचेवरून उतरून साहेबाच्या पाठीवर आलं तेव्हा मी शेवटची गाठ मारून दोरा दातानं तोडला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे पाटलांकडं पाहत होते. पाटील चौथऱ्याभोवती हळूहळू फिरले. समोरून पाहिलं, मागं आले आणि मान वर करून पाठीकडं पाहत राहिले. मग ते काही बोलायच्या आत अब्बांनी हात वर केला. मला चढवा, म्हणाले.

डोंगेवाल्यानं आणि मी त्यांना बंडीवर घेतलं. त्यांनी कॉलर शोधली, तिथं अंगठा टेकवला आणि पाठीच्या मधोमध काठापर्यंत नेला. अगदी हळू. मग परत वर. मी त्या अंगठ्यावरून नजर काढत नव्हते, कारण या माणसानं माझ्या शिलाईला आयुष्यात एकदाही चांगलं म्हटलेलं नव्हतं. ‘ठीक आहे’ म्हणायचे, तीच त्यांची शाबासकी.

"पाटीलभाऊ," अब्बा म्हणाले, आता आवाज घाटाखालच्या डोंग्यांपर्यंत जाईल एवढा मोठा, "माह्या कोटात साहेबाची पाठ दरसाल उघडीच राहे. मी नाड्या बांधून बांधून भागवलं. माह्या बापानंही तेच केलं. साहेबाची पाठ आज पहिल्यांदा झाकली. हा माह्या हातच्यापेक्षा बरा आहे."

मी तोंड फिरवून नदीकडं पाहिलं. दुसरं काय करणार होते? एवढ्या लोकांसमोर रडायचं नव्हतं.

पाटील मात्र पाटील. त्यांनी खाकरून घसा साफ केला. "सारं खरं आहे, मास्तर. पोरीनं शिवला बेस. पन बांधलेला राह्यला असता तं सोडला असता. हा तं अंगावरच शिवून टाकला. आता पुढच्या साली हा काढाचा कसा?"

डोंगेवाल्यानं डोकं खाजवलं, कारण जुना कोट उतरवणं त्याचं काम. अब्बा माझ्याकडं वळले, पट्टीच्या आडून.

"मी उसवीन," मी म्हटलं. "टाका माहा आहे, मलेच सापडंल. दुसऱ्या कोनी हात लावू नका, कापड फाटंल."

पाटलांनी पुन्हा एकदा पाठीकडं पाहिलं. टाका कुठं दिसतो का ते शोधत असावेत, आणि तो त्यांना दिसत नव्हता. मग त्यांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं.

"मंग पुढच्या मंडईले बंडी पाठवतो, मास्तर," ते म्हणाले.

"हो, पाठवा," अब्बा म्हणाले.

"तुले मास्तर नाई म्हनलं," पाटील म्हणाले. "पोरीले म्हनलं."